सिंकमधून घोटघोट आवाज येतो तेव्हा: स्वयंपाकघरातल्या पाण्याची आणि हवेची वाट

जुलै महिन्यात फोंड्याजवळच्या एका घरून बोलावणं आलं. काकी दारातच म्हणाल्या, "रोज फिनेल ओतते, लिंबू चोळते, पण सिंकचा वास काही जात नाही. आणि वर सुनेनं भांड्यांचं पाणी सोडलं की खाली माझ्या सिंकमधून कोणी घटाघटा पाणी पीत असल्यासारखा आवाज येतो." सिंक लख्ख होतं. मी खाली बसून सिंकखालच्या बाटलीसारख्या भागाचा, म्हणजे बॉटल ट्रॅपचा, पेला हळूहळू फिरवून काढला. हा पेला उघडताना मनगटापर्यंत पाणी सांडतं, म्हणून खाली तांब्या धरावाच लागतो. इथे एक थेंब सांडला नाही. आतल्या नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं असायला हवं होतं, पाण्याची रेघ त्याच्या बोटभर खाली होती.

म्हणजे वास सिंकचा नव्हताच. बाहेरच्या चेंबरमधला, म्हणजे सांडपाण्याच्या झाकणबंद हौदातला, वास मोकळ्या पाईपने सरळ ओट्यापर्यंत येत होता, कारण त्याला अडवणारं पाणी कोणीतरी ओढून नेलं होतं. ओढणारी होती हवा. गोव्यात घर बांधताना पाण्याला उतार किती द्यायचा हे सगळे विचारतात. हवा कुठून येणार हे मात्र कोणीच विचारत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

ट्रॅपमधलं पाणी म्हणजे बूच

सिंकखाली जो वाकडा पाईप किंवा बाटलीसारखा भाग असतो, त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. वरून येणारं पाणी त्यातून पुढे जातं, पण खालचा वायू आणि झुरळं त्यातून वर येऊ शकत नाहीत. या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर हवी. एवढंसं ते बूच, पण घरातली हवा आणि गटारातली हवा यांच्यामध्ये दुसरं काहीही नसतं.

हे बूच उडतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडलं की पाणी पाईप पूर्ण व्यापून धावतं. मागून हवा मिळाली नाही, तर ते आपल्यामागे ट्रॅपमधलं पाणीही खेचून नेतं. पिंपातलं रॉकेल नळीने तोंडाने ओढून डब्यात घ्यायचे, तोच प्रकार. सिंकचा तळ सपाट असतो, त्यामुळे शेवटी रेंगाळत येणारी धार ट्रॅप बहुतेक वेळा पुन्हा भरते आणि दोष झाकला जातो. दुसरा प्रकार त्याहून त्रासदायक. वरच्या मजल्याचं पाणी उभ्या पाईपमधून कोसळताना तुमच्या फाट्यावरून जातं आणि तुमच्या ट्रॅपमधलं पाणी चोखून नेतं. तुम्ही नळही उघडलेला नसतो, म्हणून ते परत भरत नाही. काकींच्या घरी हेच चाललं होतं. तिसरा प्रकार उलटा: उभ्या पाईपच्या पायथ्याशी, जिथे तो आडवा वळतो, तिथे हवा दाबली जाते आणि ट्रॅपमधून बुडबुडे वर येतात. तळमजल्याचं सिंक त्या वळणाच्या जवळच जोडलं असेल तर असं होतं. चौथा म्हणजे बंद घर. मालक मुंबईला, घर वाळपईला, आणि एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात ट्रॅप सुकून ठणठणीत.

आधी पाणी मोजा

काम काढण्याआधी एक चाचणी करा, खर्च शून्य. मगाने सावकाश पाणी ओतून ट्रॅप पूर्ण भरा. पाच मिनिटं थांबा. खाली भांडं धरून पेला उघडा आणि सगळं पाणी त्यात घ्या. हे पाणी स्वयंपाकाच्या मापाने मोजून लिहून ठेवा. पेला बसवा, ट्रॅप पुन्हा तसाच भरा. आता वरच्या मजल्यावर सिंक काठोकाठ भरून एकदम सोडायला सांगा, आणि खाली पुन्हा पेला उघडून मोजा. दोन मापं जवळपास सारखी आली तर हवा ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. दुसरं माप निम्म्यावर आलं तर हवेचीच अडचण. एकमजली घर असेल तर स्वतःचंच सिंक भरून सोडा, फक्त शेवटची धार ट्रॅपमध्ये जाण्याआधी जाळीवर ओलं फडकं घट्ट दाबून धरा.

पाणी जातच नसेल, सिंकमध्ये तुंबत असेल, तर तो चोंदल्याचा प्रश्न. त्याकडे पुढे येतो.

तुमचं पाणी जातं कुठे?

मागील दारी जाऊन बघा. सिंकचा पाईप भिंतीतून बाहेर येऊन गल्ली ट्रॅपच्या, म्हणजे घराबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपच्या, जाळीवर उघडा पडत असेल, तर तुम्ही सुखी आहात. बाहेरचं तोंड मोकळं असल्याने पाईपला तिथूनच हवा मिळते. असा पाईप मीटर-दीड मीटरचा आणि सरळ असेल तर वेगळ्या व्हेंटची, म्हणजे हवेसाठी वर काढलेल्या पाईपची, गरज नाही. जुन्या चिरेबंदी घरांत सांडपाणी मागच्या केळींना किंवा माडाच्या आळ्यात सोडत, तिथेही हीच गोष्ट आपोआप साधलेली असे.

प्रश्न येतो तो पाईप बंद चेंबरला किंवा उभ्या पाईपला थेट जोडला की. नवीन बंगले, वाढवलेले मजले, फ्लॅट, सगळे यात आले. पणजीसारख्या ठिकाणी घराचं पाणी मलनिस्सारण वाहिनीला जोडलेलं असेल, तर पुढच्या अख्ख्या वाहिनीतली हवा तुमच्या ट्रॅपवर टेकून उभी असते. तिथे व्हेंटमध्ये कसर करू नका.

सामान

आपल्याकडे पीव्हीसी पाईपचा आकार बाहेरच्या व्यासावर सांगतात, म्हणजे ४० मिमीचा पाईप आतून साधारण ३६ मिमीचा. ट्रॅपपासून भिंतीपर्यंत ४० मिमी, भिंतीपासून पुढे ५० मिमी, उभा पाईप ७५ मिमी आणि व्हेंट ५० मिमी, हे घरगुती स्वयंपाकघराला पुरतं. वॉशबेसिनचा ३२ मिमीचा ट्रॅप दुकानदार देईल, पण स्वयंपाकघराला तो घेऊ नका. सांडपाण्याच्या पाईपवर आयएस १३५९२ हा शिक्का बघा. त्याशिवाय वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकात बसणारा जोड), टी (तीन तोंडांचा जोड), ४५ अंशांचे बेंड, दाराचा बेंड (साफसफाईसाठी झाकण असलेला), व्हेंट काउल (व्हेंटच्या तोंडावरची जाळीची टोपी), पाईप चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट, हॅक्सॉ, कानस आणि पाणसळ लागेल.

नालीदार लवचीक पाईप, जो हव्या तिथे वाकतो, तो स्वयंपाकघरात नको. त्याच्या प्रत्येक वळीत शितं, खोबऱ्याचा चोथा आणि तेल बसतं. शिवाय तो जिथे लोंबतो तिथे आपोआप दुसरा ट्रॅप तयार होतो.

ट्रॅपच्या निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बॉटल ट्रॅप दिसायला सुबक आणि दुकानात सहज मिळतो, पण तो खरा बेसिनसाठी. आपल्या स्वयंपाकघरात नारळ आणि मासे रोज. बॉटल ट्रॅपमधला अरुंद फेर खवल्यांनी आणि काथ्याच्या तंतूंनी भरतो. हाताने उघडता येणाऱ्या चाकींचा ४० मिमी पी-ट्रॅप, म्हणजे वाकून आडवा भिंतीकडे जाणारा ट्रॅप, शोधा. त्यातून पाणी एका दमात जातं आणि आतली भिंत धुतली जाते. ट्रॅपमधून पाईप सरळ खाली जमिनीत जाणारी, एस आकाराची जोडणी मात्र टाळा. ती स्वतःचंच पाणी ओढून नेण्यात पटाईत असते.

आणि एकामागे एक दोन बंद ट्रॅप कधीच लावू नका. सिंकखाली एक ट्रॅप आणि तोच पाईप पुढे फरशीखालच्या दुसऱ्या ट्रॅपमध्ये बंद जोडलेला असला, तर दोघांच्या मधली हवा अडकते. पाणी अडखळत जातं आणि घरमालक पाईप तुंबला म्हणून ॲसिड आणायला धावतो. बाहेरचा गल्ली ट्रॅप चालतो, कारण दोहोंच्या मध्ये उघडी हवा असते. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दोन्ही कपलिंग आधी एकत्र आणा आणि खाली एकच ट्रॅप द्या.

उंची आणि उतार

ओटा साधारण ८५ सेंटिमीटर उंच, सिंक २० ते २२ सेंटिमीटर खोल. सिंकचा तळ मग जमिनीपासून ६३ ते ६५ सेंटिमीटरवर येतो. कपलिंग आणि ट्रॅप यांना जागा सोडली तर भिंतीतल्या छिद्राचा मध्य ४० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवा. छिद्र उंच पडलं तर ट्रॅप बसत नाही, आणि मग गवंडी गेल्यावर नालीदार पाईपचा जुगाड होतो. म्हणून सिंक प्रत्यक्ष घरात आणून, मापून, मगच भिंतीवर पेन्सिल लावा.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत छिन्नीने लवकर कापली जाते, पण कडा भुसभुशीत होऊन गळतात. सरळ ५० मिमी पाईप चुन्या-सिमेंटमध्ये गाडू नका. आधी ७५ मिमीचा तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवा आणि त्यातून आपला पाईप काढा. बाहेरच्या तोंडाशी दोन्हींमधली फट सीलंटने भरा. नाहीतर नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस पाईपच्या पाठीवरून आत येऊन सिंकखालचं कपाट कुजवतो.

उतार मीटरला २० ते २५ मिमी. मोजायची सोपी रीत अशी: मीटरभर लांबीच्या पाणसळीच्या उताराकडच्या टोकाखाली २० मिमी जाडीचा लाकडी तुकडा ठेवा आणि पाईप असा धरा की बुडबुडा मध्यावर येईल. कमी उतार दिला तर चिकटा बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त उतार चांगलाच, असं मात्र समजू नका. ट्रॅपच्या पुढे पाईप जर आपल्याच व्यासापेक्षा जास्त खाली उतरला आणि तोवर व्हेंट आला नाही, तर व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या पाण्याच्या पातळीखाली जातं आणि पाण्याने भरलेला पाईप ट्रॅप रिकामा करू लागतो. आतून ३६ मिमी असलेला पाईप मीटरला २५ मिमी उतरत असेल, तर जेमतेम १.४ मीटरमध्ये ही मर्यादा संपते. म्हणून ४० मिमीच्या पाईपवर ट्रॅपपासून सव्वा मीटरच्या आत व्हेंट यायला हवा. लांब जायचं असेल तर पाईप ५० मिमीचा करा.

कोन काटकोनात घेऊ नका. जिथे आडवा पाईप वळतो तिथे ४५ अंशांचे दोन बेंड, आणि वळणावर एक दाराचा बेंड. पाच वर्षांनी तार घालायला तेच दार कामाला येईल. ते दार फरशीखाली किंवा कपाटामागे बुजवलं तर असून नसल्यासारखंच.

जोडणी

सगळे तुकडे आधी कोरडेच जुळवा आणि प्रत्येक सांध्यावर आडवी पेन्सिलची खूण करा. कापलेल्या कडेची भुसी कानसेने काढा, कारण ती आत राहिली की पहिलं शीत तिथेच अडकतं. पुसून कोरडं केलेल्या दोन्ही तोंडांना सॉल्व्हंट सिमेंट लावा, पाव फेर फिरवून खुणेवर आणा आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवा. पावसाळी दमट हवेत एका रात्रीपेक्षा कमी वेळ देऊ नका. पी-ट्रॅपच्या चाकींना मात्र सिमेंट लावायचं नाही, त्या रबरी वायसरवर आणि हाताच्या जोरावरच घट्ट बसतात. पाना लावून पिळलं की वायसर तिरका होतो आणि मग गळती सुरू होते.

व्हेंट कुठून काढायचा, कुठवर न्यायचा

व्हेंटचा टी आडव्या पाईपच्या डोक्यावर बसवा, कुशीला नाही. कुशीतून काढला तर सांडपाणी आणि तेल त्यात शिरतं आणि वर्षभरात बंद होतो. तिथून पाईप सरळ वर न्या. सिंकच्या काठापेक्षा किमान १५ सेंटिमीटर वर गेल्याशिवाय त्याला आडवा करू नका, नाहीतर कधी पाईप तुंबला की सांडपाणी व्हेंटमध्ये चढून बसेल. आडवा करावा लागलाच तर त्याचा उतार पाईपकडे परत ठेवा, म्हणजे आत साचलेला दमटपणा थेंबाथेंबाने खाली निघून जातो.

उभा पाईप आधीच असेल तर सर्वांत सोपं काम हे: तोच छपरापर्यंत वाढवायचा. काकींच्या घरी तो वाढवलेला होता. शिडी लावून बघितलं तर वरच्या तोंडावर सिमेंटची टोपी! पावसाचं पाणी आत जातं आणि एकदा बेडूक निघाला, म्हणून गवंड्याने ते बुजवलं होतं. बेडकाला थांबवलं आणि घराचा श्वासही. टोपी फोडली, जाळीचं काउल बसवलं, काम अर्ध्या तासाचं. पावसाच्या धारा आत पडल्याने काहीही बिघडत नाही, सांडपाण्याचाच पाईप आहे तो.

कौलारू घराचं छप्पर भोकसू नका. मंगळुरी कौलातून पाईप काढला की पहिल्याच पावसात तिथे गळतं, आणि मग दर वर्षी डांबर थापत बसावं लागतं. पाईप बाहेरच्या भिंतीने चढवा, वळचणीपासून लांब काढा आणि छपराच्या वर किमान ६० सेंटिमीटर ठेवा. गच्चीवर माणसं बसत-उठत असतील, सोलं किंवा मिरच्या वाळत घालत असाल, तर २ मीटर उंच न्या. शेजारच्या खिडकीच्या समोर तोंड येऊ देऊ नका. उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं, म्हणून बाहेरच्या पाईपला ऑइल पेंटचा एक हात द्या. काउलची जाळी फार बारीक नको, कोळ्याच्या जाळ्यांनी ती बुजते.

फ्लॅटमध्ये किंवा खोलीच्या मधोमध सिंक असताना वर जायला वाट नसते. तिथे एकमार्गी हवेचा व्हॉल्व्ह लावता येतो. पाईपमध्ये ओढ निर्माण झाली की तो उघडून हवा आत घेतो आणि ओढ थांबली की वजनाने बंद होतो. तो ट्रॅपनंतरच्या आडव्या पाईपपेक्षा किमान १० सेंटिमीटर उंच, अगदी उभा आणि हात पोचेल अशा जागी बसवा. त्याची मर्यादा लक्षात घ्या: तो हवा आत घेतो, दाबलेली हवा बाहेर सोडत नाही. म्हणून बुडबुडे वर येत असतील तर त्याचा उपयोग नाही, आणि सेप्टिक टाकीच्या व्हेंटऐवजी तर तो मुळीच चालत नाही. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर तिचा स्वतःचा व्हेंट घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच आणि डासांची जाळी लावलेला हवा.

पावसाळ्यातलं दुखणं

कधीकधी ट्रॅप बरोबर, व्हेंट बरोबर, तरीही जुलैत सिंक सावकाश उतरतं आणि दिवाळीनंतर आपोआप नीट होतं. चेंबरचं झाकण उघडून बघा: पाणी पाईपच्या तोंडापर्यंत चढलेलं दिसेल. शोषखड्डा भरलेला असतो. खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळच्या) किंवा सखल जागी भूजलच इतकं वर येतं की खड्डा शोषणार कुठे? इथे व्हेंट काही करू शकत नाही. पागोळ्यांचं आणि अंगणाचं पाणी त्या खड्ड्यात जात असेल तर आधी ते तोडा. गल्ली ट्रॅपची जाळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच करा. खोल खड्ड्याऐवजी परसातल्या उंच भागात उथळ आणि लांब चर काढा, त्यात खडी भरा आणि कडेने केळी, अळू लावा. पाणी वर साठून राहू देऊ नका, डास होतील. विहिरीपासून शोषखड्डा १८ मीटर तरी दूर हवा. चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो, त्यातून सांडपाणी किती झपाट्याने विहिरीत पोचतं हे वरून दिसत नाही.

चेंबरमध्ये किंवा टाकीत कुणालाही उतरवू नका. आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो.

तेल, पेज, खवले

खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बाटली पांढरी पडते ना, तेच पाईपच्या आतल्या भिंतीवर होत असतं. म्हणून तव्यातलं आणि काहिलीतलं तेल आधी कागदाने पुसा. चवथीला नेवऱ्या-करंज्या तळून झाल्यावर उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मोठं कुटुंब किंवा खानावळ असेल तर बाहेर साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा एक तेलाचा चेंबर बांधा. पाणी त्यात संथ होतं, तेल वर तरंगतं आणि बाहेर जाणारा पाईप टी लावून पाण्याखालून पाणी घेतो. त्या टीचं वरचं तोंड उघडं ठेवा. साचलेला थर पंधरा दिवसांनी करवंटीने काढा.

भात वेळताना उकळती पेज सिंकमध्ये सोडतात, तेही थांबवा. पीव्हीसी उकळत्या पाण्याने मऊ पडतं, लोंबतं, आणि उतार बिघडतो. पेज थोडी निवू द्या किंवा सोबत थंड नळ चालू ठेवा. मासे साफ करताना सिंकमध्ये बारीक जाळी हवी, खवले आणि पोटं कचऱ्यात.

तुंबलंच, तर आधी रबरी पंप, मग ट्रॅप उघडून साफसफाई, मग दाराच्या बेंडमधून तार, या क्रमाने जा. ॲसिड आणि कॉस्टिक एकामागून एक कधीच ओतू नका, ते उसळून तोंडावर येतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू होतो.

काम झाल्यावर तपासणी

सिंक काठोकाठ भरा, सोडा आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. मग सुरुवातीची मोजणी पुन्हा करा. काकींच्या घरी काउल बसवल्यावर सुनेने वरून दोन वेळा सिंक सोडलं, मी खाली तांब्या धरून पेला उघडला आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. काकींनी हात पुसायला फडकं दिलं.

घर बंद ठेवून जाणार असाल तर निघताना सिंक, बेसिन आणि न्हाणीतल्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि त्यावर दोन चमचे गोडं तेल सोडा. तेलाची साय पाण्यावर बसते आणि ते उन्हाळाभर सुकत नाही. परत आल्यावर आधी प्रत्येक ठिकाणी बादलीभर पाणी सोडा, मग चूल पेटवा.